आबाळ आणि हेळसांड

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात ‘मूल, आई आणि सरकार’ या सत्रात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

२०२३ च्या मार्चमध्ये ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा हिंदी सिनेमा आला. तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी तो पाहिला असेल. नॉर्वेत राहणाऱ्या एका भारतीय आईची दोन लहान मुले तिथल्या बालकल्याण खात्याने २०११ साली ताब्यात घेतली होती, त्या घटनेवर तो बेतलेला होता. त्या वेळी आपल्याकडे सगळ्यांनाच राग आला. वर्तमानपत्रांनी लिहिले, लोकांनी निदर्शने केली, भारत सरकारने नॉर्वे सरकारशी बोलणी केली. राग येणे साहजिक होते. पण त्या रागात आपण एवढेच पाहिले, की परक्या देशाने आपली मुले नेली. जिचे मूल तिच्याच देशाचे सरकार नेते, तिच्या वतीने कुठल्या देशाचा राजदूत बोलणार?

आज मी अशाच आयांविषयी बोलणार आहे. त्या अमेरिकेतल्या काळ्या आया आहेत. ‘कृष्णवर्णीय’ असा सोवळा शब्द मी वापरत नाही, कारण ‘ब्लॅक’ हा शब्द त्या स्वतः ताठ मानेने वापरतात.

‘अमेरिकेचे आम्हाला कशाला?’ असे कोणी विचारेल. एक कारण सरळ आहे. आपल्या कितीतरी लेकी-सुना तिकडे मुले वाढवत आहेत आणि हा कायदा त्यांनाही लागू आहे. पण खरे कारण वेगळे आहे. घरातली मारहाण ही ‘घरातली बाब’ नाही, सरकारने उंबरठा ओलांडून आत यायलाच हवे, असे आपण स्त्री चळवळीने गेली कित्येक वर्षे सांगत आलो. ते बरोबरच आहे. पण सरकार आत येते तेव्हा कोणाच्या घरात येते, आल्यावर काय पाहते, आणि जाताना काय घेऊन जाते, हे तपासण्याची जबाबदारीही मग आपल्यावर येते. अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. त्याचा हिशेब आपण पाहायला हवा.

शंभरातली त्रेपन्न

२०१७ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका नामांकित नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, छळ किंवा हेळसांड झाल्याच्या संशयावरून त्याच्या घराची सरकारी चौकशी होण्याची शक्यता किती, हे त्यात काढले होते. देशातल्या सगळ्या मुलांचा विचार केला तर ती ३७ टक्क्यांच्या वर निघाली. गोऱ्या मुलांसाठी २८ टक्के आणि काळ्या मुलांसाठी ५३ टक्के. म्हणजे काळ्या वस्तीत बालपणी कधीतरी सरकारी माणूस दार ठोठावून गेलेला असणे, हीच बहुसंख्य मुलांची गोष्ट आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे मूल घरातून काढून दुसऱ्या कुटुंबाकडे किंवा संस्थेत ठेवणे. याला तिकडे फॉस्टर केअर म्हणतात. २०१४ सालच्या एका अभ्यासानुसार अठरा वर्षांपर्यंत ही वेळ सुमारे ६ टक्के मुलांवर येते. काळ्या मुलांत ते प्रमाण साडेअकरा टक्के आणि मूळनिवासी, म्हणजे ज्यांना आपण पूर्वी रेड इंडियन म्हणत होतो, त्यांच्या मुलांत पंधरा टक्क्यांच्या वर आहे.

ही व्यवस्था चालते कशी? १९७४ साली बालछळ प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा झाला. संशय आला तर कळवलेच पाहिजे असे बंधन शिक्षक, डॉक्टर, नर्स, पोलीस, समाजसेवक यांच्यावर आहे. त्यासाठी टेलिफोनची खास सोय आहे. अनेक राज्यांत शेजारीपाजारीही नाव न सांगता कळवू शकतात. वर्षाला ४० लाखांच्या वर तक्रारी येतात आणि त्यांत सुमारे ७५ लाख मुलांचा उल्लेख असतो. तक्रार दखलपात्र ठरली की सरकारी कार्यकर्ती घरी येते. ती स्वयंपाकघर पाहते, फ्रीज उघडून पाहते, मुले कुठे झोपतात ते पाहते, मुलांच्या अंगावर वळ आहेत का ते कपडे काढून पाहते. पोलिसाला घराच्या झडतीसाठी वॉरंट लागते, हे प्रत्येकीला ठाऊक असते. या बाईला ‘नाही’ म्हणायची कायद्याने मुभा असली, तरी ‘नाही’ म्हटले तर तेच आपल्याविरुद्ध जाईल, ही भीती प्रत्येक आईला असते. म्हणून दार उघडले जाते.

एक इंग्रजी शब्द, दोन मराठी शब्द

आता मुद्द्याची गोष्ट सांगते. ‘बालछळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चटके दिलेले, हाडे मोडलेले मूल येते. तशी मुले आहेत आणि त्यांना वाचवायलाच हवे. पण अमेरिकेत ज्या मुलांच्या बाबतीत तक्रार खरी ठरते, त्यांतल्या चारपैकी तिघांच्या नावापुढे ‘नेग्लेक्ट’ असे लिहिलेले असते. शारीरिक मारहाणीची मुले साधारण सहात एक, लैंगिक अत्याचाराची दहात एक. एकाच मुलावर दोन-तीन शिक्केही असू शकतात.

या ‘नेग्लेक्ट’चे मराठी काय करायचे? आपल्याकडे दोन शब्द आहेत. एक आबाळ, दुसरा हेळसांड. मुलाची आबाळ ‘होते’. आई कामावर जाते, घरात बघायला कोणी नाही, म्हणून आबाळ होते. घरात दाणा नाही, छप्पर गळते, म्हणून आबाळ होते. हेळसांड मात्र कोणीतरी ‘करते’. हाताशी असून दिले नाही, जवळ असून पाहिले नाही, ती हेळसांड. आपल्या आज्यांनी हा फरक भाषेत करून ठेवला आहे. अमेरिकन कायद्याने दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या. पुरेसे अन्न नाही, कपडे नाहीत, राहायला नीट जागा नाही, देखरेख नाही, यांतले काहीही त्या शब्दात बसते.

रात्रपाळी करणारी आई नऊ वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावाला सोपवून जाते, ती आबाळ की हेळसांड? घरमालक दुरुस्ती करत नाही म्हणून खोलीत उंदीर आहेत, ही कोणाची हेळसांड? भाडे थकल्याने घराबाहेर काढलेली बाई मुलांसह नातेवाइकाच्या दिवाणखान्यात जमिनीवर झोपते, तेव्हा मुलांना पलंग नाही हा कोणाचा गुन्हा? अशा प्रकरणात सरकारने भाड्याला मदत केली तर मूल आईजवळ राहते. पण पैशाची रचनाच उलटी आहे. मूल घराबाहेर ठेवले तर ठरावीक निकषांत बसणाऱ्या प्रत्येक मुलामागे केंद्राचा वाटा राज्यांना मिळतो, त्याला वरची मर्यादा नाही. घर सावरण्यासाठीचा निधी मात्र अनेक दशके मोजूनमापून दिला गेला. म्हणजे परक्या बाईला मूल सांभाळायला दरमहा पैसे मिळतात, आईला मिळत नाहीत. २०१८ साली नवा कायदा होऊन त्यातला काही पैसा मूल घरात असतानाच वापरता येऊ लागला. पण तोही मुख्यतः मानसोपचार, व्यसनमुक्ती, पालकत्वाचे वर्ग यांसाठी. भाड्यासाठी नाही. गरिबीवर उपाय म्हणून आईला शिकवणी!

हे आजचे नाही

काळ्या आयांच्या बाबतीत याची मुळे फार खोल आहेत. गुलामगिरीत मूल मालकाची मालमत्ता होते, ते केव्हाही विकले जाई. १८६५ साली गुलामगिरी गेली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा केला, की ज्या काळ्या मुलांच्या आईबापांची पोसण्याची ऐपत नाही, त्यांना कोर्टाने ‘उमेदवार’ म्हणून कामाला बांधून द्यावे आणि त्यात पहिला हक्क जुन्या मालकाचा असावा. कालपर्यंत ज्यांना मजुरी मिळत नव्हती, त्यांना आज विचारले, तुमची ऐपत काय? मूल काढून नेण्यासाठी गरिबीचे कारण तेव्हापासून पुढे केले गेले.

मूळनिवासींच्या मुलांना तर ‘सुधारण्यासाठी’ लांबच्या वसतिगृही शाळांत नेले. १८७९ साली सुरू झालेली कार्लाइलची शाळा त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. पुढे १९७० च्या दशकातल्या पाहण्यांत असे दिसले, की त्यांच्या २५ ते ३५ टक्के मुलांना घरापासून तोडलेले होते. त्यावर झगडून १९७८ साली त्यांनी आपल्यासाठी स्वतंत्र कायदा करून घेतला. मूल काढण्याआधी कुटुंब टिकवण्याचे कसोशीने प्रयत्न झाले पाहिजेत, आणि काढलेच तर ते आधी नात्यात, मग जमातीत राहिले पाहिजे, असे तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो उचलून धरला.

काळ्या स्त्रियांची गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. १९३५ साली निराधार मुलांच्या आयांना दरमहा मदत देणारी योजना आली. दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी ती काळ्या बायकांपर्यंत पोचू दिली नाही, कारण मदत मिळाली तर कापसाच्या शेतात आणि गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबायला कोण येणार? नागरी हक्कांच्या चळवळीमुळे त्या हक्काने मदत मागू लागल्या, तेव्हा राज्यांनी ‘योग्य घर’ अशी अट पुढे केली. लग्नाशिवाय मूल झाले तर घर अयोग्य! १९६० साली लुइझियाना राज्याने या अटीखाली सुमारे २३,००० मुलांची मदत एका फटक्यात बंद केली. त्यांतली बहुसंख्य मुले काळी होती. शाळांमध्ये काळी-गोरी मुले एकत्र बसू नयेत म्हणून त्याच सुमारास त्या राज्यात कायद्यांची जी मालिका चालली होती, तिच्यातच हा निर्णय होता. ही बातमी जगभर गेली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या स्त्रियांनी या मुलांसाठी मदत गोळा करून पाठवली, याची नोंद आपण स्त्रियांनी ठेवायला हवी.

बोभाटा झाल्यावर १९६१ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी आदेश काढला. घर अयोग्य म्हणून मूल तिथेच ठेवून मदत तोडता येणार नाही. एकतर घर सुधारा, नाहीतर मुलाला दुसरीकडे ठेवा. ऐकायला किती न्याय्य! पण पाठोपाठ मूल दुसरीकडे ठेवण्यासाठी केंद्राचा पैसा उपलब्ध झाला, आणि घर सुधारण्याचे काम कागदावर राहिले. काळ्या मुलांकडे आजवर पाठ फिरवणाऱ्या बालकल्याण व्यवस्थेत ती मुले आता मोठ्या संख्येने येऊ लागली, ती या दाराने. उपाशी ठेवणे थांबले आणि काढून नेणे सुरू झाले.

आणखी एक गोष्ट स्त्री चळवळीने विसरू नये. १९७१ साली अमेरिकेच्या संसदेने देशभर पाळणाघरे आणि बालवाड्या देणारा कायदा मंजूर केला होता. अध्यक्ष निक्सन यांनी तो नकाराधिकार वापरून रद्द केला. त्या कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनीच नंतर १९७४ चा बालछळाचा कायदा पुढे नेला. तो नेताना, हा प्रश्न गरिबीचा नाही, कुठल्याही घरात उद्भवू शकणारा आहे, अशी मांडणी त्यांनी जाणूनबुजून केली, कारण गरिबीचे नाव काढले की विधेयक पडण्याची भीती होती. पाळणाघर मिळाले नाही. पाळणाघर नसलेल्या आईवर नजर ठेवणारी यंत्रणा तेवढी मिळाली.

पाहणारे डोळे

आता कोणी म्हणेल, की हा गरिबीचा प्रश्न झाला, वर्णाचा कुठे आला? वर्ण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. याचे दोन पुरावे देते.

फ्लोरिडातल्या पिनेलस परगण्यात गरोदर स्त्रियांच्या लघवीची तपासणी करून १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखाने आणि खाजगी डॉक्टर दोन्हींकडच्या बायका त्यात होत्या. दारू किंवा मादक पदार्थ घेतल्याचे प्रमाण गोऱ्या बायकांत १५.४ टक्के, काळ्या बायकांत १४.१ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ सारखेच. पण सरकारकडे नाव कळवले जाण्याचे प्रमाण काळ्या बायकांत सुमारे दहापट होते. कायदा सगळ्यांना एकच होता. कोणाची तपासणी करावी आणि कोणाचे कळवावे, हे डॉक्टर ठरवत होते.

दुसरा पुरावा २००२ सालचा, फिलाडेल्फियाचा. तीन वर्षांखालच्या, हाड मोडलेल्या मुलांचे रुग्णालयातले कागद तज्ज्ञांनी तपासले. एक वर्षावरच्या ज्या मुलांची इजा अपघातानेच झाली असे तज्ज्ञांचे मत पडले, त्यांतही काळ्या व इतर अल्पसंख्य मुलांच्या आईबापांची तक्रार गोऱ्यांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा झाली होती. मूल पलंगावरून पडले, हे एका आईने सांगितले तर अपघात. दुसरीने सांगितले तर संशय.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात तर १९८९ पासून एका सरकारी रुग्णालयाने पोलिसांशी संधान बांधले. गरोदर बायकांच्या लघवीत कोकेन सापडले की पोलिसांना कळवायचे. ३० बायकांना अटक झाली. त्यांतल्या २९ काळ्या होत्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी घटनाबाह्य ठरवली. तोवर बारा वर्षे गेली होती, आणि एक धडा वस्तीत घरोघर पोचला होता: गरोदर असलीस तर दवाखान्यात जाऊ नकोस.

मार खाल्ला हाच गुन्हा

आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण न्यूयॉर्कचे आहे. १९९९ सालची गोष्ट. ब्रुकलिनमधली नोकरी करून शिकणारी, दोन मुलांची एक काळी आई. वेगळ्या झालेल्या जोडीदाराने येऊन तिला मारले, हात मोडला. तशाही अवस्थेत तिने पोलिसांना बोलावले, मुलांना ओळखीच्या शेजारणीकडे सोपवले आणि मग ती रुग्णालयात गेली. बाईने करायचे ते सगळे तिने केले. त्या रात्री सरकारी खात्याने तिची मुले ताब्यात घेतली. आरोप काय? मुलांच्या उपस्थितीत ती ‘घरगुती हिंसाचारात सामील’ झाली आणि मुलांचे रक्षण करू शकली नाही.

ती एकटी नव्हती. तिच्यासारख्या अनेकींनी मिळून दावा लावला. न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी २००२ च्या निकालात म्हटले, की आई मार खाते एवढ्याच कारणाने मुले काढून नेणे घटनेविरुद्ध आहे. २००४ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने स्पष्ट केले, की मुलाने घरातली मारहाण पाहिली एवढ्यावरून आईने हेळसांड केली असे ठरत नाही, आणि मूल घरात ठेवण्याच्या धोक्याबरोबर त्याला आईपासून तोडण्याची इजाही मोजली पाहिजे.

मैत्रिणींनो, या धोरणाने कोणाची सोय केली? मारणाऱ्याची. ‘पोलिसात गेलीस तर पोरे जातील’ ही धमकी त्याला द्यावी लागत नव्हती, सरकारच त्याच्या वतीने देत होते.

१९९७ च्या दत्तकविषयक केंद्रीय कायद्याने या सगळ्याला घड्याळ लावले. मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने बाहेर राहिले, तर काही अपवाद सोडता राज्याने आईचा आईपणाचा हक्क कायमचा संपवण्याची मागणी कोर्टात करायची. आणि दत्तकांची संख्या वाढली तर राज्याला बक्षीस. याच काळात अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत काळ्या स्त्रिया तुरुंगात भरल्या जात होत्या. दोन वर्षांची शिक्षा झालेल्या बाईला ती मूल गमावण्याचीही शिक्षा ठरू शकते. आधीच्याच वर्षी, १९९६ मध्ये, गरीब आयांचा मदतीचा हक्क रद्द झाला होता. एका वर्षी आधार काढला, दुसऱ्या वर्षी मुदत घातली.

मग मुलांचे काय?

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विरोधकाचा म्हणून टाळून चालणार नाही. मुले मरतात, त्याचे काय? १९९५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांची एक मुलगी आईच्या मारहाणीत मेली. लोकांनी पुन्हापुन्हा कळवूनही खाते हलले नव्हते. अमेरिकेत छळाने आणि हेळसांडीने मरणाऱ्या मुलांत काळ्या मुलांचा दर गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे. एलिझाबेथ बार्थोलेट यांच्यासारख्या कायदेतज्ज्ञ याकडे बोट दाखवून म्हणतात, की काळ्या मुलांना धोका खरोखरच जास्त आहे, मग त्यांचे प्रमाण जास्त असणारच. समानतेच्या नावाखाली त्यांना धोक्यात ठेवणे हाच वर्णभेद.

हा मुद्दा पोकळ नाही. १९८६ आणि १९९३ च्या देशव्यापी पाहण्यांत छळाच्या प्रमाणात वर्णानुसार फरक आढळला नव्हता. २००५-०६ च्या पाहणीत तो आढळला. गरिबी, बेकारी, तुरुंग, पडकी घरे ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांच्या मुलांना धोका जास्त असणार, हे मान्य करण्यात आपले काही जात नाही. पण मग उपाय धोक्यावर करायचा की आईवर?

२०२४ मध्ये मिशिगन राज्यातल्या प्रकरणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे छळ होण्याची शक्यता सारखीच असलेल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांची त्यात तुलना केली. काळ्या मुलांना घरातून काढण्याचे प्रमाण सुमारे दीडपट निघाले. त्यात एक गोष्ट फार बोलकी होती. हा फरक मुख्यतः जिथे धोका खरा होता अशा घरांत दिसला. म्हणजे खऱ्या धोक्यातली गोरी मुले तशीच घरात ठेवली जात होती. गोऱ्या घरावर विश्वास टाकला, त्याची किंमत गोऱ्या मुलाने मोजली. वर्णाचा चष्मा लावलेल्याला एकीकडे नसलेले दिसते आणि दुसरीकडे असलेले दिसत नाही. वर्णभेद काढणे म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेत सूट मागणे नव्हे, हे यावरून कळते.

आणि धोक्यावर उपाय केला तर काय होते, तेही ठाऊक आहे. २०१७ च्या एका अभ्यासात किमान वेतन तासाला एका डॉलरने वाढले, की हेळसांडीच्या तक्रारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटतात असे आढळले. विस्कॉन्सिन राज्यात बापाने मुलासाठी भरलेली पोटगी सरकारने कापून न घेता पूर्ण आईच्या हाती दिली. त्या आयांविरुद्धच्या तक्रारी सुमारे १० टक्क्यांनी कमी झाल्या. आपणच भांडून मिळवलेली पोटगी मूल वाचवते, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

त्या कशा लढल्या

या विषयावर सर्वांत नेटाने लिहिणाऱ्या बाई म्हणजे डोरोथी रॉबर्ट्स. त्या स्वतः काळ्या आहेत, कायद्याच्या प्राध्यापक आहेत. २००१ आणि २०२२ सालच्या त्यांच्या दोन पुस्तकांनी ही चर्चा विद्यापीठाबाहेर नेली. सुरुवातीला त्या सुधारणा मागत होत्या. आता त्या म्हणतात, की ही यंत्रणाच मोडून कुटुंबांना आधार देणारे दुसरे काही उभारले पाहिजे. सगळ्यांना ते पटत नाही. पण त्यांनी विचारलेले प्रश्न कोणाला टाळता आलेले नाहीत.

मला मात्र जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या मुले गमावलेल्या आया. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून ‘राइज’ नावाचे मासिक निघू लागले. त्यात लिहिणारे आईबाप स्वतः या व्यवस्थेतून गेलेले. ‘केस नंबर’ म्हणून जिची फाईल होती, तिने आपल्या हाताने आपली हकिगत लिहिली. आपल्यासारख्या नियतकालिक चालवणाऱ्या बायकांना त्याचे मोल सांगायला नको.

२००७ पासून न्यूयॉर्क शहराने गरीब पालकांना नुसता वकील न देता वकील, समाजसेविका आणि या अनुभवातून गेलेली एक आई अशी तुकडी देणाऱ्या संस्थांना काम दिले. २०१९ साली या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी तुकडी मिळालेल्या घरांतली मुले चार वर्षांत सरासरी ११८ दिवस कमी बाहेर राहिली, आणि सुरक्षिततेत फरक पडला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या शहरात सुमारे ५०,००० मुले घराबाहेर होती. ही संख्या नंतर १०,००० च्या खाली आली. तरी उरलेल्यांत काळ्या मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्तच राहिले. संख्या घटली, वर्ण तोच राहिला. टेक्सास राज्याने २०२१ मध्ये ‘नेग्लेक्ट’ची व्याख्या आवळली. मिनेसोटा राज्याने २०२४ मध्ये काळ्या आणि इतर वंचित कुटुंबांसाठी मूळनिवासींच्या कायद्याच्या धर्तीवर कायदा केला.

आपल्यापुरते

आता आपल्यापुरते थोडे. आपल्याकडे १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण ज्यांच्या आजी-आजोबांनी पाहिले, अशा बायका आज या सभागृहात आहेत. १९५२ साली कायदा गेला. पण सिग्नलवर पारध्याची बाई कडेवर मूल घेऊन दिसली की ‘हे मूल हिचेच कशावरून?’ असे विचारणारे आपल्याच ओळखीचे असतात. पाहणारे डोळे इथेही आहेत, फक्त तिथे वर्ण आहे आणि इथे जात.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात, मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तत्त्व लिहिलेले आहे. आपल्या राज्यात मूल नात्यात किंवा कुटुंबात सांभाळण्यासाठी दरमहा रक्कम देणारी बालसंगोपन योजनाही आहे. तत्त्व चांगले, योजना चांगली. पण एकल आईला त्या योजनेचा अर्ज भरून द्यायला आपल्यापैकी कितीजणी बसतात? हे काम आपल्या सल्ला केंद्रांनी हाती घ्यावे, अशी माझी पहिली सूचना आहे.

दुसरी सूचना अशी. मुलाच्या बाबतीत जेव्हा आपण कोणाला कळवू, तेव्हा आपल्या नोंदवहीत दोन वेगळे रकाने करू. एक आबाळीचा, एक हेळसांडीचा. आबाळीच्या रकान्यात काय कमी आहे ते लिहू: धान्य, भाडे, पाळणाघर, औषध. आणि त्यासाठी संबंधित खात्याच्या दारात आपणच आईबरोबर जाऊ. हेळसांडीच्या रकान्यात कोणी, काय आणि केव्हा केले, ते पाहिलेल्या गोष्टीसह लिहू. ‘ह्या लोकांत असेच असते’ हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते तोंडी आले, तर आपल्यातल्याच दुसरीने तिथल्या तिथे थांबवायचे.

तिसरे, मार खाणारी बाई आपल्याकडे आली, तर तिला मुलांसह ठेवून घेणारी जागा मिळेपर्यंत तिची केस पुरी झाली असे आपण समजायचे नाही.

यावर दुपारच्या गटचर्चेत बोलावे. केंद्रात काम करणाऱ्यांनी आपापल्या नोंदवह्या बरोबर आणल्या असतील, तर त्यांपासूनच सुरुवात करू.